चौथी बाजू

दादरच्या हिंदू कॉलनीतल्या जुन्या इमारती समोरून सगळ्यांनी पाहिलेल्या असतात. गोल कोपऱ्यांच्या गॅलऱ्या, जिन्याला उजेड देणाऱ्या उभ्या काचा, फाटकावर चढलेला मधुमालतीचा वेल. पाठीमागे मात्र फारसं कुणी जात नाही. इमारत आणि कुंपणाची भिंत यांच्यामधल्या अरुंद पट्ट्यात, पंपाच्या खोलीला खेटून, एका ओळीत गॅरेजं असतात. बांधली मोटारींसाठी, आज त्यांतल्या मोजक्यांतच मोटार असते. एकात पोळीभाजी केंद्र, दुसऱ्यात ब्लाउज शिवणाऱ्या बाई, तिसऱ्यात इस्त्रीची पेटी, चौथ्यात दहावीच्या मुलांची शिकवणी. शिवाजी पार्कच्या बाजूलाही हेच चित्र. दादरच्या मध्यमवर्गाचा निम्मा डबा या गॅरेजांतून भरला गेला आहे असं मी म्हटलं, तर दादरकर तरी मला अडवणार नाहीत.

ही गॅरेजं आली कुठून, तर प्लेगातून. १८९६ साली मुंबईत प्लेग शिरला, गिरगाव-मांडवीच्या दाट वस्तीतली माणसं पटापट मेली, आणि शहर उत्तरेकडे मोकळं पसरवायला हवं हे सरकारला पटलं. १८९८ मध्ये इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला. दादर-माटुंग्याची आखणी त्यातलीच: रुंद रस्ते, रस्त्याकडेला झाडं, दोन इमारतींमध्ये वारा खेळेल एवढं अंतर. पुढच्या तीस-चाळीस वर्षांत तिथे घरं उभी राहिली आणि त्यांत डॉक्टर, वकील, प्राध्यापक राहायला आले. प्रत्येकाकडे गाडी नव्हती, पण एखाद्याकडे तरी असणार हे मालकानं गृहीत धरलं आणि मागे गॅरेजं काढली. मापं तेव्हाच्या ऑस्टिन-मॉरिसची. पुढे फियाटही त्यात नीट मावली. आजची उंच, रुंद गाडी आत गेलीच, तर चालकाला दार उघडून बाहेर पडता येत नाही.

आमच्या गॅरेजात बाबांची फियाट होती. कुर्ल्याच्या कारखान्यातली ती गाडी १९७४ पासून प्रीमियर पद्मिनी झाली, पण आमच्या घरात तिला त्या नावानं कुणी हाक मारली नाही. ती विकली गेल्यावर गॅरेज काही दिवस रिकामं राहिलं आणि मग तळमजल्यावरच्या काकूंनी तिथे पोळीभाजी सुरू केली. दादरच्या नोकरदार बायका संध्याकाळी स्टेशनवरून येताना तिथून घडीच्या पोळ्या घेऊन जातात. त्यामुळे आमच्या गॅरेजचं दार आधी दिवसातून दोनदा हलायचं, ते आता पहाटे साडेपाचपासून रात्रीपर्यंत कितीदा हलतं ते काकूंनाच ठाऊक.

कायद्यालाही या जागेचा विचार करावा लागला. २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पांचाली सोसायटीच्या खटल्यात निकाल दिला, की इमारतीखालच्या खांबांमधली मोकळी जागा म्हणजे गॅरेज नव्हे आणि बिल्डरला ती वेगळी विकता येणार नाही. २०१६ च्या रेरा या स्थावर संपदा कायद्यात तर गॅरेजची व्याख्याच आली: वर छप्पर आणि तीन बाजूंना भिंती असलेली, वाहन ठेवायची जागा. तीन भिंती झाल्या. चौथ्या बाजूबद्दल कायदा काही बोलत नाही, आणि माझ्या मते गॅरेजचं सगळं आयुष्य त्या चौथ्या बाजूलाच घडतं. तीन भिंती नुसत्या उभ्या असतात. ही एकच रोज काम करते, म्हणून झिजते, आणि म्हणून तिच्याकडे कुणीतरी बघावं लागतं.

आमची चौथी बाजू आधी सागवानी होती. दोन मोठ्या झडपा, प्रत्येक झडपेला तीन लांब पट्टी-बिजागऱ्या, आत उभ्या खिट्या, बाहेर कडी-कोयंडा आणि पितळी कुलूप. एकेका झडपेचं वजन इतकं, की ती उघडताना लहान मुलांनी अंगणातून बाजूला व्हायचं हा घरचा नियम होता. अशा दाराचं दुखणं ठरलेलं. वजन बिजागरीच्या विरुद्ध टोकाला ओढतं, बिजागरीचा खिळा वर्षानुवर्षं एका बाजूनं झिजतो, आणि झडपेचं बाहेरचं टोक खाली येऊन फरशीला घासायला लागतं. दारासमोरच्या फरशीवर पाव वर्तुळाचा ओरखडा उमटतो. जुन्या इमारतींच्या मागच्या अंगणात आजही हे ओरखडे सापडतात, दारं केव्हाच गेलेली असली तरी.

घासणाऱ्या दाराला रंधा मारून खालून तासायचं हा सोपा उपाय. आमच्याकडे येणारे सुतार तसं करायला साफ नकार द्यायचे, निदान पावसाळ्यात तरी. जून ते सप्टेंबर लाकूड पाणी पितं आणि फुगतं. तेव्हा तासलं तर दार आज सुटतं, पण डिसेंबरात लाकूड आकसलं की खाली बोटभर फट पडते आणि उंदीर बिनदिक्कत आत येतात. म्हणून ते आधी वरच्या बिजागरीचा खिळा बदलायचे, चौकटीतले सैल झालेले स्क्रू काढून भोकात सागाची खुंटी ठोकायचे, त्यात नवे स्क्रू पिळायचे, आणि दार आपोआप उचललं जायचं. रंध्याची गरज बहुतेक वेळा उरायचीच नाही. दुखणं तळाशी दिसत होतं, पण उगम वर होता. हे मला तेव्हाही फार आवडलं होतं आणि आजही कुठली वस्तू अडून बसली की मी आधी वर बघते.

ती सागवानी दारं गेली, त्याचं कारण लाकूड कुजणं हे नव्हतं. बाहेर उघडणाऱ्या दाराला समोर मोकळी जागा लागते. गाड्या वाढल्या, गॅरेजात न मावणाऱ्या गाड्या अंगणात उभ्या राहू लागल्या, आणि झडप उघडायला जागाच राहिली नाही. आत उघडावं तर आत गाडी. मग वर जाणारं दार हाच मार्ग उरला. दादरमधल्या किती गॅरेजांना या एकाच कारणानं शटर लागलं असेल! घराचा एक भाग बदलतो तेव्हा पुष्कळदा दोष त्याचा नसतो, त्याच्या समोरचं जग सरकलेलं असतं.

बाजारात शटर आधीच रुळलेलं होतं. त्याआधी गिरगावातली, लालबागमधली दुकानं फळ्यांनी बंद व्हायची. उंबऱ्याला आणि वरच्या तुळईला खोबण असायची, त्यात एकेक उभी फळी सरकवत न्यायची. फळ्यांवर खडूनं किंवा रंगानं आकडे घातलेले, कारण प्रत्येक फळीची जागा ठरलेली. तिसरी फळी पाचव्या जागी बसत नसे. सगळ्यात शेवटच्या फळीवरून लोखंडी आडवी पट्टी आणि तिला कुलूप. दुकान उघडायला नोकराला बराच वेळ लागायचा आणि दिवसभर फळ्यांचा ढीग कुठेतरी आडोशाला उभा करावा लागायचा. शटरनं ते सगळं एका ओढीवर आणलं. आणि एका ओढीवर आणल्यामुळेच या शहराचे दिवसही शटरच्या भाषेत बोलले जाऊ लागले. बंदची हाक आली की ‘शटर पाडा’. मोर्चा गल्लीच्या तोंडाशी असला की शटर अर्धं. धंदा बुडाला तर ‘शटर बंद झालं’. फळ्यांच्या काळात अर्धं दुकान उघडं ठेवणं एवढं सोपं नव्हतं.

शटर कसं चालतं हे मला समजलं ते आमचं बिघडलं तेव्हा. तोवर मला वाटायचं, माणूस ओढतो म्हणून ते वर जातं. वरच्या पत्र्याच्या डब्यात एक आडवा पाइप असतो, दोन्ही भिंतींमधल्या ब्रॅकेटांवर पक्का आवळलेला. त्या पाइपावर लोखंडी पुल्या, आणि प्रत्येक पुलीच्या पोटात पोलादी पट्टीची गुंडाळलेली स्प्रिंग. तिचं आतलं टोक पाइपात अडकवलेलं, बाहेरचं पुलीत. शटर खाली ओढलं की पुल्या फिरतात, पाइप जागचा हलत नाही, आणि स्प्रिंगा आवळल्या जातात. म्हणजे रात्री दार लावताना आपण सकाळी ते उघडायची ताकद वर डब्यात ठेवून देत असतो. शटर पूर्ण खाली असतं तेव्हा लोंबणारं वजन सर्वांत जास्त, आणि स्प्रिंगांचा ताणही सर्वांत जास्त. वर गुंडाळत गेलं की लोंबणारं वजन कमी होतं आणि ताणही त्याच मापानं उतरत जातो. म्हणून काकूंसारखी साठीची बाई एका हातानं आठ फुटांचं लोखंड वर ढकलू शकते. ही जुळणी मी पहिल्यांदा समजून घेतली तेव्हा मला खरोखर आनंद झाला होता, आणि इतकी वर्षं ती डोक्यावर असून बघितली नव्हती याचं नवल वाटलं.

बिघाड एका दिवसात आला नव्हता. आधी काकू दोन्ही हात लावायला लागल्या. मग मुलाला हाक मारायला लागल्या. त्यांना वाटलं वय झालं. एका पहाटे डब्यातून ‘कट्ट’ असा आवाज आला आणि शटर गुडघ्याच्या वर येईना. तेव्हा परळहून मिस्त्रींना बोलावलं. मूळचे कुडाळकडचे. त्यांचे वडील गिरणीच्या मेकॅनिक खात्यात फिटर होते. १८ जानेवारी १९८२ ला गिरणी कामगारांचा संप सुरू झाला, गिरणीचं काम परत मिळालंच नाही, आणि हातात पाना धरता येतो एवढ्या भांडवलावर वडिलांनी शटरची कामं सुरू केली. गिरणगावातल्या कितीतरी हातांनी तेव्हा असे रस्ते शोधले. कुणी भाजी विकली, कुणी सिक्युरिटीत उभं राहिलं. मिस्त्रींच्या घरात निदान अवजार तेच राहिलं.

त्यांनी शटरला हात लावायच्या आधी काकूंना प्रश्न विचारले. जड कधीपासून झालं? एका बाजूनं वर जातं का? आवाज खालून येतो की डब्यातून? मग बरोबर आणलेल्या मदतनीस पोराच्या मदतीनं शटर खांदा लावून वर नेलं, खाली दोन बांबू टेकू म्हणून उभे केले, गुंडाळीभोवती सुंभाची दोरी आवळली. वर गेलेल्या शटरमध्ये ताण कमी असतो, तरी संपलेला नसतो. ब्रॅकेटचे नट ढिले करताना मोठा पाइप-पाना पाइपाला लावून पोरानं तो दोन्ही हातांनी धरला होता, आणि मिस्त्री म्हणतील तेवढाच, पाव फेरा, अर्धा फेरा, असा सोडत होता. त्या वेळी दोघांच्याही तोंडून एक शब्द जास्तीचा निघाला नाही. हातातून पाना सुटला तर तो मनगट मोडून टाकतो. ‘ताई, अंगणात जा,’ एवढं मिस्त्री मला म्हणाले, आणि मी गेले.

पाइप खाली उतरल्यावर त्यांनी मधली पुली उघडली आणि तुटलेली स्प्रिंग माझ्या हातात दिली. तीन बोटं रुंद, काळपट, जुन्या तेलानं आणि कणकेच्या धुळीनं माखलेली पट्टी. ‘तोंड बघा,’ म्हणाले. तुटलेल्या कडेचा दोन तृतीयांश भाग तांबूस-काळा होता आणि उरलेला चकचकीत, कणीदार, नव्या रुपयासारखा. काळा भाग म्हणजे जुनी चीर. ती केव्हातरी एका कडेला सुरू झाली, रोजच्या उघडझापीत केसाएवढी पुढे सरकत गेली, तिच्यात हवा आणि ओल शिरून गंज चढला. चकचकीत भाग तेवढा त्या पहाटेचा. पोलाद असं थकून तुटतं, एकदम तुटत नाही. काकूंना वय झाल्यासारखं वाटत होतं ते सगळे दिवस त्या काळ्या भागात होते.

तीनपैकी एकच तुटली होती, पण मिस्त्रींनी तिन्ही बदलायला सांगितलं. तिघींनी सारखेच फेरे मारलेत, म्हणाले, आणि एक गेल्यावर बाकीच्या दोघींनी तिचा भार उचललाय. काकूंच्या मुलानं पैशांवरून थोडी घासाघीस केली, आणि मला ते तेव्हा खटकलं, आजही खटकतं. हा माणूस स्टुलावर उभा राहून डोक्यावरचं लोखंड खाली घेतो. पट्टा नाही, हेल्मेट नाही. स्प्रिंगचा भाव नागदेवीच्या बाजारात विचारून कळतो, पण पाना कधी आणि किती सोडायचा याचा भाव कुणी धरत नाही. सोसायट्यांच्या बैठकांत लिफ्टच्या वार्षिक कराराला लोक निमूट हात वर करतात, आणि शटरवाल्यानं दोनशे जास्त सांगितले की वाद घालतात. मला वाटतं, कोट घालून आलेल्या कंपनीच्या माणसाचं ज्ञान आपल्याला दिसतं आणि हाफ शर्टातलं दिसत नाही.

नव्या स्प्रिंगा बसवून, पाइप चढवून, मोजून फेरे देऊन नट आवळल्यावर मिस्त्रींनी शटर कमरेपर्यंत आणलं आणि हात काढून घेतला. ते तिथेच थांबलं. घसरलं असतं तर ताण कमी, वर पळालं असतं तर ताण जास्त. ही परीक्षा कुणालाही घेता येते आणि प्रत्येकानं अधूनमधून घ्यावी. फक्त खाली मूल नको, मांजर नको आणि स्वतःचा पाय नको.

बाकीची निगा त्यांनी काकूंना जाताजाता सांगितली, आणि ती इतकी साधी होती की मी लिहून ठेवली. दोन्ही बाजूंच्या उभ्या चॅनेलमध्ये ग्रीस फासायचं नाही. गॅरेजवाल्याकडचं जळकं काळं ऑइल तर नाहीच. त्यावर धूळ बसते, धुळीचा लगदा होतो आणि शटरच्या आडव्या पट्ट्या त्यात रुतून चालतात. चॅनेल कोरड्या फडक्यानं पुसायचं आणि आतून मेणबत्ती घासायची. चॅनेलच्या तळाशी साचलेला चिखल काडीनं उकरून काढायचा, कारण शटर तिथेच अडतं आणि लोक वरून जोर लावून पट्टी वाकवतात. एखादी पट्टी बाजूला सरकून चॅनेलला घासत असेल तर आवाज बदलतो, करकर येते. त्याच आठवड्यात सांगायचं, कारण एक पट्टी शेजारणीला ओढते. आणि सगळ्यात खालची जाड पट्टी, जिला ते ‘बॉटम’ म्हणतात, ती मृगाच्या आधी खरवडून तिला रेड ऑक्साइड आणि वर ऑइलपेंट.

हे शेवटचं मुंबईत फार महत्त्वाचं. समुद्राची खारी हवा शिवाजी पार्क आणि गिरगाव चौपाटीवरून थेट आत येते, आणि लोखंडाला खाते. जस्ताचा मुलामा असलेल्या पत्र्यावर आधी जस्त झिजतं आणि तोवर लोखंड वाचतं. पण जिथे रोज घासलं जातं तिथला मुलामा सगळ्यांत आधी जातो. त्यात दादर पूर्व म्हणजे हिंदमाता. पावसाचं पाणी तुंबलं की बातम्यांत पहिलं चित्र तिथलं. २६ जुलै २००५ ला सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला, त्याच दिवशी कुलाब्याला जेमतेम ७४. पण पाऊस कुठेही पडो, पाणी सखल जागी येतंच. तुंबलेलं पाणी ओसरतं, शटरच्या बॉटमच्या दुमडीत मात्र ते बसून राहतं, आणि गंज बाहेरून दिसायच्या आधी आतून सुरू होतो. त्यामुळे बोटानं टकटक करून बघायचं. भक्कम लोखंडाचा आवाज खणखणीत येतो, गंजलेल्याचा भद्द.

वस्तू वापरल्यानं झिजते हे खरं, पण न वापरल्यानं जास्त बिघडते, हे मुंबईनं २०२० मध्ये एकगठ्ठा पाहिलं. २५ मार्चपासून देश बंद झाला आणि रानडे रोडपासून ठाकुरद्वारापर्यंत शटरं खाली गेली ती थेट पावसाळ्याच्या तोंडापर्यंत. स्प्रिंगा तेवढे महिने पूर्ण आवळलेल्या अवस्थेत राहिल्या, चॅनेलमध्ये गंज धरला, कुलपं जाम झाली. दुकानं उघडायची परवानगी आली तेव्हा मिस्त्रींना श्वास घ्यायला वेळ नव्हता. कितीतरी दुकानदारांनी पहिल्याच दिवशी जोर लावून पट्ट्या वाकवल्या. त्याच वर्षी, १२ ऑक्टोबरला सकाळी दहाच्या सुमाराला, मुंबईची वीज गेली. लोकल थांबल्या. ज्यांनी मोटरवर चालणारी शटरं बसवून घेतली होती, पण हातानं ओढायची साखळी जोडून घेतली नव्हती, त्यांचं दार जिथे होतं तिथेच राहिलं. मोटर वाईट नाही. मोठ्या, जड शटरला ती हवीच. मात्र साखळीशिवाय ती घेऊ नये, आणि आमच्यासारख्या आठ फुटी दाराला तिची गरज नसते असं माझं स्पष्ट मत आहे.

माझी मावसबहीण न्यू जर्सीत राहते. तिच्याकडचं गॅरेजचं दार ही घरातली सगळ्यात मोठी हलणारी वस्तू. सकाळी सगळं कुटुंब त्यातूनच बाहेर पडतं, पुढचं दार दिवाळीला पाहुणे आले तरच उघडतं. त्या धर्तीचं, आडव्या फळ्यांचं, रुळावरून वर सरकत छताखाली आडवं होणारं दार अमेरिकेत १९२१ मध्ये सी. जी. जॉन्सन यांनी काढलं आणि १९२६ मध्ये त्याला विजेची मोटर जोडली. त्यातही वजन स्प्रिंगच पेलते. तिथल्या साध्या स्प्रिंगवर सुमारे दहा हजार उघडझापींचं आयुष्य लिहिलेलं असतं. खाली अडकून मुलं दगावल्यानंतर तिथे कायदा आला, आणि १९९३ पासून घरगुती मोटरच्या प्रत्येक नव्या दाराला वाटेत कुणी आलं तर उलटं फिरायची सोय सक्तीची झाली. आमच्याकडच्या शटरखालून रोज मुलं वाकून आत-बाहेर करतात. डबा उघडा, स्प्रिंग किती जुनी कुणाला माहीत नाही. सोसायट्यांनी लिफ्टसारखी शटरचीही वर्षातून एकदा तपासणी करून घ्यावी हे मी प्रत्येक वार्षिक सभेत मांडते.

अर्थात काही शटरं बदलावीच लागतात. पट्ट्यांच्या एकमेकींत अडकणाऱ्या दुमडी गंजून पातळ झाल्या, तर त्या वेल्डिंगनं सांधता येत नाहीत. आज एक सांधली की उद्या शेजारची सुटते. चॅनेल भिंतीतून सैल झालं आणि भिंतच ओल धरून भुसभुशीत असली तर आधी गवंडी लागतो. अशा वेळी दुरुस्तीचा हट्ट धरणं म्हणजे मिस्त्रींना पुन्हा पुन्हा त्याच धोक्याखाली उभं करणं. पण बंद दुकानांवर चिकटवलेल्या जाहिराती वाचल्या की मला वाटतं, आपण बदलायला फार लवकर तयार होतो. गिरगावात कुठल्याही खाली ओढलेल्या शटरकडे बघा: ‘शटर रिपेअर’ आणि खाली मोबाइल नंबर, स्टेन्सिलनं मारलेला किंवा स्टिकर चिकटवलेला, एकावर एक पाच-सहा जणांचा. शटर वर गेलं की तो नंबरही गुंडाळीत जातो. दार अडलेल्या माणसालाच तो वाचता येतो, अगदी हवा तेव्हाच. आता त्यांतल्या काहींवर ‘रिपेअर’ शब्द उरलेला नाही, ‘नवीन शटर’ तेवढं आहे.

आमच्या इमारतीचा पुनर्विकास ठरला आहे. बाहेरून येणाऱ्यांना तो नुसता उंच टॉवर दिसेल. मला नकाशात गॅरेजं दिसत नाहीत. पोडियम पार्किंग असेल, एकावर एक गाड्या चढवणारी यंत्रं असतील. तीन भिंती आणि दार असलेली खोली कुठेच नाही, आणि तिच्याबरोबर पोळीभाजी नाही, ब्लाउज नाहीत, इस्त्री नाही. राहत्या घरांना नव्या जागा मिळतील. गॅरेजांत चालणाऱ्या कामांना काय मिळेल, हे मी बैठकीत विचारलं तेव्हा आर्किटेक्टनी तो प्रश्न लिहून घेतला. उत्तर अजून आलेलं नाही आणि मी तो पुढच्या बैठकीतही विचारणार आहे. त्या गॅरेजांच्या जिवावर या कॉलनीतल्या कितीतरी नोकऱ्या टिकल्या. घरी दोन माणसं कमावती असताना पोळ्या लाटायचं काम कुणी केलं, याचा हिशेब चटईक्षेत्रात कुठेतरी बसायला हवा.

काकू मात्र उत्तराची वाट बघत बसलेल्या नाहीत. परळला, पुलाच्या पलीकडे, त्यांनी एक गाळा पाहिला. भाडं परवडणारं, मोरी आहे, गॅसची परवानगी आहे. करारावर सही करण्याआधी त्या मिस्त्रींना बरोबर घेऊन गेल्या. मिस्त्रींनी खालची पट्टी बोटानं वाजवली, चॅनेल चाचपलं, शटर कमरेपर्यंत उचलून हात काढला, आणि ते धाडकन खाली आलं. मालक म्हणाले, तुम्ही आत आल्यावर करून घ्या. काकू म्हणाल्या, ‘आधी स्प्रिंगा, मग सही.’ मालकांनी दोन दिवस लावले आणि कबूल झाले. स्प्रिंगा आणि नवा बॉटम त्यांच्या खर्चानं. रंग काकूंचा, कारण तो त्यांना आपल्या पसंतीचा हवा आहे. गणपतीच्या आधी गाळा सुरू होतोय, मोदकांच्या ऑर्डरी त्यांनी आत्तापासूनच घ्यायला घेतल्या आहेत.